मदत हवी आहे: बेसिल उगवून आडवं पडतं, थाईम उगवतच नाही

हिरवीपिशवी
नमस्कार. छोटी नर्सरी आहे, कॅफेत लागणारी बेसिल-थाईमसारखी सुवासिक पानं लावते. बेसिल झकास उगवतं, पहिली दोन पानं उघडतात आणि सकाळी बघावं तर अर्धा ट्रे आडवा. थाईमचा पत्ता नाही, पार्सलीचाही नाही. बी चांगल्या कंपनीचं आहे, पाणी रोज वेळेवर. गणपतीच्या आधी कुंड्या विक्रीला लावायच्यात, दोन कॅफेवाल्यांना शब्द दिलाय. कोणतं औषध मारू तेवढंच सांगा. "निसर्गाला वेळ द्या" वगैरे नको, प्लीज.

ओझरचा_शेतकरी
गाव कोणतं? ट्रे की वाफा? माती की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)? वर काय आहे, शेडनेट की कागद? पडलेलं रोप उपटून बुडाशी बघा. देठ मातीलगत पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झालाय का? हे कळल्याशिवाय औषध सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

गॅलरीतलीबाग
दालचिनीची पूड भुरभुरा ताई! माझ्या कुंड्यांत एकही रोप मरत नाही. वरून हळदीचं पाणी.

हिरवीपिशवी
मावळ. 98 कप्प्यांचे प्रोट्रे, कोकोपीट. हो, देठ तसाच झालाय. बाकी सगळं नेहमीसारखं.

ओझरचा_शेतकरी
नेहमीसारखं म्हणजे काय हो? तेच तर विचारतोय.

परवानावाले_काका
मॅडम, नर्सरीचा परवाना काढलाय का? महाराष्ट्रात 1969 चा कायदा आहे, तपासणी झाली तर दंड होतो. आधी ते बघा.

भाजीरोपं
काका, तो फळझाडांच्या रोपवाटिकांचा कायदा आहे. बेसिलला कुठलं फळ लागतंय? उगाच घाबरवू नका. ताई, कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, लिटरला अडीच ग्रॅम, आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. टोमॅटो-मिरचीच्या रोपांना आम्ही हेच वापरतो. विषय संपला.

ओझरचा_शेतकरी
टोमॅटोचं रोप शेतात जातं, त्याचं पान कोणी खात नाही. हे पान कॅफेवाला कच्चं सॅलडवर टाकणार. पुड्यावर छापलेल्या पिकांत बेसिल असेल तर दाखवा.

भाजीरोपं
मग मरू द्या रोपं सेंद्रियच्या नावाने.

हिरवीपिशवी
भांडू नका हो. नेहमीसारखं म्हणजे: ट्रे खाली वीडमॅटवर (तण रोखणारं कापड). पाऊस आत येतो म्हणून वर आणि चारी बाजूंनी प्लास्टिक कागद. पाणी संध्याकाळी, दिवसा वेळ नसतो. ट्रे नवे नाहीत, टोमॅटोचेच वापरले.

ओझरचा_शेतकरी
हं, आता आलं सगळं. ही रोपं कोलमडण्याची बुरशी, पिथियम किंवा रायझोक्टोनिया. जुन्या ट्रेला चिकटलेल्या मातीतून येते आणि दमट कोंडलेल्या हवेत पसरते. संध्याकाळी पाणी दिलं की पानं रात्रभर ओली. आजच करा: बाजूचे कागद वर गुंडाळा, फक्त छप्पर ठेवा. ट्रे विटांवर नाहीतर मांडवावर उचला, खालून वारा फिरला पाहिजे. पाणी सकाळी, तेही वरचा थर फिकट पडल्यावर. मेलेली रोपं कप्प्यातल्या कोकोपीटसकट बाहेर. पुढच्या खेपेला ट्रे घासून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात बुडवून, धुऊन, वाळवून घ्या. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) पेरणीआधी कोकोपीटमध्ये मिसळा, रोप पडल्यावर नव्हे.

गॅलरीतलीबाग
आणि दालचिनी?

ओझरचा_शेतकरी
फोडणीत घाला.

कुंडीशास्त्र
थाईमचं कोणीच बोललं नाही. ताई, बी किती खोल टाकलंत?

हिरवीपिशवी
बेसिलसारखंच, बोटाच्या पेराएवढं.

कुंडीशास्त्र
बेसिललाही ते जास्तच, अर्धा सेंटिमीटर पुष्कळ. थाईम आणि ओरेगॅनोला उगवायला उजेड लागतो. वर टाका, बोटाने दाबा, झाकू नका. पाणी स्प्रेच्या बाटलीने, झारीने बी वाहून जातं. एका कप्प्यात चिमूटभर चालतं, झुबकाच विकायचा आहे. पार्सली कधी पेरलीत?

हिरवीपिशवी
गेल्या सोमवारी.

कुंडीशास्त्र
अहो! पार्सलीला तीन-चार आठवडेसुद्धा लागतात. पुढच्या वेळी रात्रभर भिजवून पेरा. आणि गणपतीपर्यंत बियांपासून थाईम विकण्याजोगं होणार नाही, अडीच-तीन महिने धरा. कॅफेवाल्यांना आत्ताच कळवा. रोझमेरी मनात असेल तर बियांच्या नादी लागू नका, उगवण फार कमी. छाट लावा.

स्वस्तात_मस्त
बेसिलचं बी विकत कशाला घेता? वाण्याकडचा सब्जा पेरा. पन्नास रुपयांत नर्सरी भरेल.

कुंडीशास्त्र
उगवेल, जातही तीच. पण पान बारीक आणि वास वेगळा. पेस्टो (बेसिलची इटालियन चटणी) करणाऱ्याला जेनोवीज वाणाचं बेसिल लागतं, पहिल्याच कुंडीला तो परत पाठवेल. तुमच्या फालुद्याला ठेवा.

भाजीरोपं
एक कामाचं सांगतो, रागावलो असलो तरी. मॉलमधली बेसिलची भरगच्च कुंडी हे एक झाड नसतं. चार इंची कुंडीत पाच-सहा रोपं एकत्र लावतात, तिसऱ्या पानजोडीवर शेंडा खुडतात. एकेकटं रोप लावलंत तर गिऱ्हाईक बघणारसुद्धा नाही. आणि कोथिंबीर, शेपू ट्रेत नको, सोटमूळ दुखावतं. थेट कुंडीत.

मरवा_दवणा
मरवाही ठेवा! ओरेगॅनोचा सख्खा नातलग, आणि गजरेवाल्या मागून नेतात. आमच्याकडे जोतिबाला दवणा वाहतात, चैत्रात दवण्याच्या कुंड्या हातोहात जातात.

परवानावाले_काका
भाजीपाला रोपवाटिकेला सरकारी अनुदान आहे, अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना. यंदा चालू असेल तर अर्ज करा.

हिरवीपिशवी
काका, ती टोमॅटो-वांग्यावाल्यांसाठी आहे, चौकशी केलीय. बाकी सगळ्यांचे आभार. कागद गुंडाळले, ट्रे मांडवावर चढवले. एका कॅफेवाल्याशी बोलले, तो फक्त बेसिलवर तयार आहे. दुसरा फोन उचलत नाही. एकच विचारते: ज्या ट्रेत अर्धी रोपं उभी आहेत ती वाचतील का?

ओझरचा_शेतकरी
देठ हिरवा आणि ताठ आहे ती वाचतील, पडलेल्यांना लागून असलेली धरू नका. उभी रोपं कप्प्यातल्या कोकोपीटसकट दुसऱ्या स्वच्छ ट्रेत हलवा. आणि नवीन पेरणी आजच करा, या ट्रेच्या भरवशावर राहू नका.

नवीनसदस्य_पुणे
छान धागा. पुदिन्याचं बी कुठे मिळेल?

गॅलरीतलीबाग
बी कशाला? भाजीवाल्याची जुडी आणा, जाड काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की कुंडीत. वर थोडी दालचिनी.