अन्नाच्या ॲलर्जीमुळे बाळाचे अंगावरचे दूध लवकर तोडावे लागत आहे – मदत हवी आहे

नमस्कार.

माझी मुलगी पाच महिन्यांची होत आली आहे. येत्या काही आठवड्यांत तिचे अंगावरचे दूध पूर्णपणे तोडायचे, असे बालरोगतज्ज्ञांशी सविस्तर बोलून माझ्या नवऱ्याने आणि मी ठरवले आहे. निर्णय बरोबर की चूक, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढलेला नाही. तो शरीराच्या आणि मनाच्याही बाजूने निभवायचा कसा, हे ज्यांना यातून जावे लागले त्यांच्याकडून ऐकायचे आहे. तरीही पार्श्वभूमी सांगते, कारण ती न सांगितल्यास ‘आहार बदलून पाहिला का?’ हाच प्रश्न सर्वांत आधी येईल.

दुसऱ्या महिन्यात तिच्या शीमध्ये शेंबडासारखा चिकट स्राव आणि त्यात रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. पुढे गालांवर आणि कोपराच्या घडीत इसब उठले, दूध पिता पिता ती पाठ ताठ करून रडू लागली आणि वजनवाढीचा वेग मंदावला. गुदद्वाराला चीर नाही, जंतुसंसर्ग नाही, याची खात्री झाल्यावर गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असावी, असे डॉक्टरांनी सांगितले. उशिरा लक्षणे दाखवणारा हा प्रकार रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीत सहसा सापडत नाही, त्यामुळे आईने तो पदार्थ सोडून पाहणे आणि नंतर पुन्हा खाऊन पाहणे हीच त्याची खरी तपासणी असते. मी दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ सोडले, तेव्हा लक्षणे कमी झाली. ठरवून पुन्हा घेतले, तेव्हा ती परतली. निदान पक्के झाले, पण प्रश्न सुटला नाही, कारण दूध सोडूनही रक्त पूर्णपणे थांबत नव्हते. मग सोया गेले, त्यामागून अंडी आणि गहूही गेला. दुकानात प्रत्येक पाकीट उलटे करून बारीक अक्षरांत ‘व्हे’, ‘केसिन’, ‘मिल्क सॉलिड्स’ ही दुधाचीच छुपी नावे शोधत उभे राहणे अंगवळणी पडले. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असूनही माझे वजन घसरत गेले आणि जेवणाची अशी धास्ती बसली की घास उचलताना आधी तिच्या पुढच्या डायपरचा विचार यायचा.

शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस तिला केवळ अमिनो आम्लांचा फॉर्म्युला (अखंड प्रथिनांऐवजी त्यांचे सुटे घटक असलेले पावडरचे दूध) दिला आणि मी पंपाने दूध काढत राहिले. रक्त थांबले, इसब ओसरले, ती सलग झोपू लागली. पुन्हा अंगावर घेतले आणि सगळे पहिल्यासारखे झाले. यापुढे ताणून धरण्यात तिचेही हित नाही आणि माझेही नाही, हे आम्हाला पटले आहे.

आता अडचणी सांगते. एक तर अजून मला भरपूर दूध येते. एखादी वेळ चुकली तरी छाती दाटून ठणकते आणि ती नुसती रडली तरी पान्हा फुटतो. हे सगळे त्रास न होता कसे थांबवावे? दुसरे, मधल्या त्या दिवसांत भुकेपोटी प्यायलेला फॉर्म्युला आता तिला नको असतो. त्याला उग्र वास आहे, चव कडवट आहे, आणि ती बाटलीचे निपल जिभेने बाहेर ढकलून माझ्या छातीकडे तोंड वळवते. तिसरे, फ्रीझरमध्ये तारखा घातलेल्या दुधाच्या पिशव्यांचा एक आख्खा कप्पा आहे, आणि त्यातले बरेचसे दूध मी पथ्य सुरू करण्याआधीचे आहे. ते ओतून देण्याचा धीर होत नाही.

आणि चौथी अडचण मांडायला सर्वांत अवघड आहे. बाळाला सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे आणि पुढे वयाच्या दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मला तोंडपाठ आहे. ‘आईचे दूध कधी बाधते का?’ असे सासूबाई काळजीनेच विचारतात. तिला माझ्या दुधाची ॲलर्जी नाही. मी खाल्लेल्या गाईच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसारखे प्रथिन, जे स्त्रीच्या दुधात मुळात तयारच होत नाही, ते अल्प प्रमाणात माझ्या दुधात उतरते आणि तिला त्याचा त्रास होतो, हे मी त्यांना नीट समजावते. त्यांना ते पटतेही. स्वतःला मात्र समजावता येत नाही. दिवसातून केव्हाही रडू कोसळते. हे ज्यांना सोसावे लागले, त्यांनी कसे निभावले?

प्रतिसाद १

ताई, तुमचा शब्द न् शब्द ओळखीचा वाटला. माझ्या मुलाचे दूध याच कारणाने चौथ्या महिन्यात तोडावे लागले होते. तो आता शाळेत जातो आणि दुधासकट सर्व काही खातो.

सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट आधी सांगते, कारण ती मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती. बाळाचे अंगावर पिणे थांबणे आणि तुमचे दूध आटणे, या दोन्हींचे वेळापत्रक एकच असण्याची गरज नाही. बाळाला त्रास होतो म्हणून त्याला आजपासून पूर्ण फॉर्म्युल्यावर ठेवले, तरी तुम्ही पंपाच्या साहाय्याने आपल्या गतीने, सावकाश दूध कमी करू शकता. मी दर तीन ते पाच दिवसांनी एक वेळ कमी करत गेले. दुपारची वेळ आधी सोडली, पहाटेची सर्वांत शेवटी, कारण तेव्हा दूध जास्त असायचे. मध्ये दाटून आले तर ठणका थांबेल इतकेच दूध हाताने काढायचे; छाती पूर्ण रिकामी केली की शरीर तेवढेच पुन्हा तयार करते, आणि थोडे दूध आत राहिले की निर्मिती हळूहळू मंदावते. काढून झाल्यावर थंड पट्टी ठेवायची. घट्ट कापड बांधून दूध दाबून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. त्याने दूध तुंबून सूज येण्याचा धोका वाढतो. गाठ लागली तर जोरजोरात चोळायचेही नाही. छातीवर लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि सगळे संपल्यावरही कित्येक आठवडे दाबल्यास थेंबभर दूध येते, त्याने घाबरू नका.

फॉर्म्युल्याबद्दल म्हणाल, तर डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही थोडे दिवस माझ्या पथ्यातील काढलेले दूध त्यात मिसळले आणि त्याचे प्रमाण रोज कमी करत नेले. मात्र फॉर्म्युला आधी ठरलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण तयार करून मगच दूध मिसळावे. पावडर थेट आईच्या दुधात घालू नये. बाळाला अगदी कडकडून भूक लागण्याआधी, अर्धवट झोपेत असताना, आणि शक्यतो दुसऱ्या कोणाच्या मांडीवर बाटली दिली तर ती घेण्याची शक्यता अधिक असते. तुमच्या अंगाला दुधाचा वास येतो, ती तो शोधणारच. आमच्याकडे हे काम बाबांनी केले, आणि मी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसून असायचे. शीचा रंग पुढे हिरवट झाला, तर तो या फॉर्म्युल्यामुळे होतो.

रडण्याबद्दल इतकेच सांगते, की त्यातला बराच भाग शरीराचा असतो. दूध तुटताना प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरके खाली येतात आणि मन विनाकारण ढासळते. मला हे ठाऊक नव्हते, म्हणून मी त्या प्रत्येक हुंदक्याला अपराधाचा अर्थ लावत बसले.

प्रतिसाद २

तुमच्या भावनांचा आदर आहे, पण राहवत नाही म्हणून लिहितो. इतके कष्ट घेतले आहेत, तर आणखी थोडा काळ कडक पथ्य करून पाहता येणार नाही का? किंवा गाईऐवजी बकरीचे दूध बाळाला दिले तर? ते पचायला हलके असते, असे ऐकले आहे.

प्रतिसाद ३

मी बालरोगतज्ज्ञ आहे. या बाळाला मी तपासलेले नाही, त्यामुळे सर्वसाधारणच लिहीन.

बकरीच्या दुधाबद्दल आधी लिहितो, कारण हा सल्ला घातक ठरू शकतो. बकरी, म्हैस आणि मेंढी यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना त्यांचाही त्रास होतो. शिवाय एक वर्षाच्या आत कोणत्याही प्राण्याचे दूध हे बाळाचे मुख्य अन्न असू नये. लॅक्टोजविरहित फॉर्म्युल्याचीही येथे मदत होत नाही, कारण दोष दुधातल्या साखरेचा नसून प्रथिनांचा आहे. ‘अंशतः विघटित’ (प्रथिने थोडीच तोडलेली) असे लिहिलेले डबेही या बाळांसाठी नसतात. प्रथिनांचे पुरेपूर विघटन केलेला फॉर्म्युला बहुतेक बाळांना चालतो. ज्यांना तोही चालत नाही किंवा ज्यांची लक्षणे तीव्र आहेत, त्यांच्यासाठी अमिनो आम्लांचा असतो.

पथ्य ताणण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. शीमध्ये रक्त दिसलेल्या बहुतांश बाळांच्या आयांना अंगावरचे दूध बंद करावे लागत नाही. एक-दोन पदार्थ सोडले की काम भागते, आणि बाळ सुदृढ असेल तर कधी कधी नुसती वाट पाहिली तरी पुरते. म्हणून हा धागा वाचून कोणी परस्पर दूध तोडू नये. पण येथे एकेक अन्नगट सोडून झाला आहे, बाळाचे वजन अडखळले आहे, आई खंगली आहे आणि फॉर्म्युल्यावर बाळ स्पष्टपणे सुधारले आहे. एवढे झाल्यावर आईला आणखी उपाशी ठेवणे हा माझ्या लेखी उपचार नव्हे.

फ्रीझरमधल्या दुधाविषयी. उणे १८ अंश सेल्सियसला गोठवलेले दूध ६ महिन्यांच्या आत वापरलेले उत्तम, तरी १२ महिन्यांपर्यंत ते चालते. पथ्याआधीचे दूध आज मुलीला देऊ नये, परंतु ते इतर बाळांसाठी निकामी नाही. जवळपास मातृदुग्धपेढी असल्यास विचारा. तेथे दात्या आईची रक्ततपासणी करतात आणि दूध सहसा ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून मगच देतात. साठवणुकीच्या त्यांच्या अटी असतात, म्हणून पिशव्या हलवण्याआधी फोन करावा. पथ्यातील दूध वेगळे ठेवा. बाळाच्या ॲलर्जीचा फेरविचार सहसा पथ्य सुरू होऊन किमान ६ महिने झाल्यावर किंवा ९ ते १२ महिन्यांच्या वयात होतो. तोवर ते टिकले, तर वापरता येईल का, हे तुमचे डॉक्टर सांगतील. गाईचे दूध पुन्हा सुरू करण्याचा प्रयोग मात्र घरी आपल्या मनाने करू नका.

तयार केलेला फॉर्म्युला दोन तासांच्या आत वापरावा, बाटलीत उरलेला टाकून द्यावा आणि महाग पडतो म्हणून पाणी वाढवू नये.

आणखी दोन गोष्टी, ज्या विचारल्या नाहीत तरी सांगाव्या लागतात. बाळ निव्वळ अंगावर पीत असताना आणि पाळी आली नसताना पहिल्या सहा महिन्यांत गर्भधारणेपासून जे संरक्षण मिळते, ते दूध तोडल्यावर राहत नाही. आणि बीज पहिल्या पाळीच्या आधीच बाहेर पडू शकते. दुसरे, उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळली, बाळ झोपलेले असतानाही तुम्हाला झोप लागेनाशी झाली, तर डॉक्टरांना भेटा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. घरातल्या कोणालातरी लगेच सांगा आणि त्याच वेळी रुग्णालयात जा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या प्रतिसादात लिहिणाऱ्या दादांनाही राग मानून उत्तर देत नाही. घरीही असेच प्रश्न विचारले जातात, आणि आता निदान बकरीच्या दुधाचे उत्तर माझ्याकडे तयार आहे.

दोन वेळापत्रकांची गोष्ट मला खरोखरच सुचली नव्हती. तिला उद्यापासून पूर्ण फॉर्म्युल्यावर ठेवण्याबद्दल आज डॉक्टरांना विचारते, आणि मी माझे दूध पंपाने सावकाश कमी करते. रात्रीची बाटली तिचे बाबा देतील. पिशव्यांची विभागणी या सुट्टीच्या दिवशी करू आणि दुग्धपेढीत फोन करून अटी विचारू. रडण्याबद्दल पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलेन. नवऱ्याला आजच सांगितले आहे.

एक गोष्ट अजून विचारायची आहे. दूध तुटल्यावरही तिला छातीशी धरून झोपवले, तर ती पुन्हा दूध शोधून चिडचिड करेल का, की काही दिवसांत ते थांबते? तेवढे एक सोडायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या सदस्याचे उत्तर

पहिले काही दिवस शोधतात, मग थांबतात. आधी पोटभर बाटली द्यायची, ढेकर काढायचा, अंगात बंद गळ्याचा कपडा घालायचा आणि मग छातीशी घ्यायचे. माझा मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत तसाच झोपत असे.