अनुभव धागा : सावडीनं उभ्या राहिलेल्या वाड्या

मिरग जवळ आला की आपल्याकडे सगळा जीव शेतात जातो. बियाणं, खत, मजूर, डवरे यांतून घरामागच्या जागेकडे बघायला कोणाला सवड नसते. तिथं गाजरगवत माजतं, तुटक्या बादल्या आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, ढीग पडून राहतो. तेवढ्या जागेत घराला पुरेल इतकी भाजी होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोडं अडतं ते पहिल्या कामापाशी. काळी माती उन्हाळ्यात सब्बल आत घेत नाही आणि पावसाळ्यात पाय सोडत नाही. एकट्या बाईला किंवा म्हाताऱ्या जोडप्याला ती खणून, वाफे करून, कुंपण घालणं झेपत नाही. मग "पुढच्या वर्षी पाहू" म्हणत वर्षं जातात.

शेतीच्या कामाला आपल्याकडे सावड असतेच, आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे. तीच सावड घरामागच्या वाडीसाठी केलेल्या मित्रमैत्रिणींनी इथे लिहावं अशी विनंती आहे. काय काय लावलं याची यादी आली नाही तरी चालेल. कोण आलं, काम कसं वाटून घेतलं, पाणी कुठून काढलं आणि पहिला उत्साह ओसरल्यावर काय टिकलं, ते वाचायचं आहे. सुरुवात मीच करते.

समुद्रपूर तालुका, वर्धा (धागा सुरू करणारी)

आम्ही सगळ्या एकाच बचत गटातल्या, पण हे काम गटाच्या वहीत नाही. मैत्रिणी म्हणून जमलो. रविवारी सकाळी साडेसहाला यायचं आणि ऊन चढायच्या आत उठायचं. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे नऊच्या पुढे कोणाला थांबवायचं नाही हे ठरलेलं. ज्या घरी काम असेल तिनं चहा आणि पोहे द्यायचे, त्याहून जास्त काही नाही. हा नियम मी आग्रहानं धरला. एका घरी पुरणपोळी झाली की दुसऱ्या घरची, जिची ऐपत नाही ती, आपली पाळी पुढं ढकलत राहते. ज्या वाडीला हातांची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी तीच मग राहून जाते.

कामाचा मुहूर्त माती ठरवते. वळवाची सर येऊन गेली आणि वाफसा आला, म्हणजे ओल बेताची झाली, की दोन-तीन दिवस काळी माती हाती लागते. तेवढ्यात एकेका घरचं उरकायचं. खोल खणण्याच्या फंदात न पडता गादीवाफे केले : रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, आणि उंची फूटभर. तळाला तुराट्यांचे (तुरीच्या वाळल्या काड्यांचे) तुकडे आणि पालापाचोळा, त्यावर शेणखत, वर माती. दोन वाफ्यांमधली नाली उताराकडे काढलेली. आपल्या मातीत पाणी तुंबलं की मिरची आणि वांगी मुळापासून जातात, त्यामुळे नालीचं काम आम्ही सर्वांत जाणत्या बाईकडे देतो. तिनं दोरी धरायची, बाकीच्यांनी घमेली उचलायची.

एका मैत्रिणीचं माहेर वायगावकडचं. भौगोलिक मानांकन मिळालेली ती हळद. तिनं तिथून बेणं आणलं आणि प्रत्येकीच्या वाडीत, जिथं झाडाची विरळ सावली येते अशा पट्टीत, हळदीची एक सरी लावली. पानं वाळली की खणायची, उकडायची, वाळवायची. यंदा आमच्यापैकी कोणीच दुकानातून हळद आणली नाही. मला याचा फार आनंद आहे आणि तो मी प्रत्येक भेटीत बोलून दाखवते.

दर्यापूर तालुका, अमरावती

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. पूर्णेच्या खोऱ्यातली अमरावती, अकोला, बुलढाण्याची गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. विहीर आहे, हातपंप आहे, पाणीही आहे, पण त्या पाण्यावर वाल, गाजर येत नाही आणि जमिनीवर पांढरा थर चढतो. "आपल्याकडे बाग होतच नसते" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकलं.

आम्ही दहावीचे वर्गमित्र. काही शेती करतो, एक गवंडी आहे, एक वेल्डिंगचं दुकान चालवतो. सुरुवात वेल्डिंगवाल्यापासून झाली. त्यानं स्वतःच्या घराच्या टिनांना पन्हाळ लावली आणि पावसाचं पाणी टाकीत घेतलं. हिशेब साधा आहे : १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. ४० चौरस मीटर टिनांवर २५ मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे १,००० लिटर. पहिल्या पावसाची धूळ आणि पक्ष्यांची घाण बाहेर जाऊ द्यायची, मग टाकीचं तोंड जोडायचं. हे पाहून बाकीच्यांनी आपापल्या घरी पन्हाळी मागितल्या. तो मजुरी घेईना, मग आम्ही एक दिवस त्याच्या शेतातलं निंदण करून दिलं. तेव्हापासून हिशेब असाच चालतो. गवंड्यानं टाकीचा ओटा बांधायचा, शेतकऱ्यानं ट्रॉलीभर शेणखत टाकायचं.

मातीसाठी आधी तपासणी करून घेतली, मग सांगितल्याप्रमाणे जिप्सम टाकलं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातो. त्यामुळे जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावरच टाकायला हवं आणि पाण्याला वाट हवी. निचरा नसेल तर ते मीठ तिथंच फिरत राहतं. पहिली दोन वर्षं आम्ही पालक आणि बीट यांवरच भर दिला, कारण ही पिकं खारं सहन करतात. आता मिरची येते, वांगी येतात, मागच्या पावसाळ्यात दोडक्याचा वेल टिनांवर चढला होता. उन्हाळ्यात मात्र वाडी बंद. टाकीत जे उरतं ते लिंबाला आणि गोडनिंबाला (कढीपत्त्याला), तेही मडक्यातून. बिनरोगणाचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरून झाकण ठेवायचं, पाणी मुळाशी आपोआप झिरपतं.

वरूड तालुका, अमरावती

थोडक्यात लिहितो. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा झाली तेव्हा तीन तालुक्यांत आमचा वरूड होता. चर खोदायला टेकडीवर जाणारी आमची टोळी नंतरही सुटली नाही. संत्र्यांनी इकडची बोअर खोल खोल नेली आहेत, वाडीसाठी वेगळं पाणी मागायची सोय नाही. मोरीचं पाणी हेच आमचं पाणी. आम्ही घरोघरी मोरीच्या तोंडाशी गिट्टी-रेतीचा खड्डा केला, त्यापुढे धोपा (अळू) आणि कर्दळ लावली, आणि पुढचं पाणी केळी-पपईला दिलं. साबणाचं पाणी पालेभाजीवर घालू नका, एवढंच सांगेन. एका सकाळी एक खड्डा होतो, चार माणसं लागतात.

घाटंजी तालुका, यवतमाळ

२०१७ चा पावसाळा आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. आम्ही शेतमजूर बाया. त्या वर्षानंतर आमच्यातली एक थोरली बाई निंदता निंदता म्हणाली, "फवारलेली भाजी बजारातून आणून लेकराले घालतो ना आपण? मंग घरची काहून नाही लावत वं?" कोणाकडंच उत्तर नव्हतं. जागा होती, वेळ नव्हता. मग ठरलं की कामावरून आल्यावर, दिवेलागणीच्या आधीचा एक तास, रोज एकीच्या घरी.

खत विकत घेणं शक्य नव्हतं. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं जीवामृत एकरासाठी २०० लिटर पाण्यात करतात, आम्ही त्याचा दहावा हिस्सा केला : २० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ४८ तास, सकाळ-संध्याकाळ काडीनं ढवळायचं. गाय एकीकडेच आहे, तर ड्रम तिच्याच दारी. बाकीच्या डबे घेऊन येतात आणि येताना तिच्या गाईला चारा आणतात.

कुंपणाचं एक सांगते. आधी आम्ही पऱ्हाट्यांचंच कुंपण करत होतो, फुकट मिळतात म्हणून. पण कपाशीच्या वाळल्या झाडावरच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात येते. तेव्हा पऱ्हाटी ठेवणं सोडलं आणि तुराट्या बांधल्या. आमच्यातल्या एकीच्या घरी तूर नव्हती, तिच्यासाठी बाकीच्यांनी डोक्यावर भारे नेले. त्या कुंपणावर आता बरबटी (चवळी) आणि सेमीचे (वालाच्या शेंगांचे) वेल आहेत. शेंगा दोन्ही बाजूंनी लोंबतात, बाहेरच्या बाजूच्या ज्याला लागतील त्यानं तोडाव्या.

धागा सुरू करणारी : ताई, हे "बाहेरच्या बाजूच्या" मला फार आवडलं. आमच्याकडे यावर भांडणं झाली आहेत. तुमचा नियम पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगते.

लाखांदूर तालुका, भंडारा

आमच्याकडे पाण्याची ओढ तुमच्याइतकी नाही. बोड्या (लहान तळी) आहेत, तलाव आहेत, धानाचा मुलूख. आमचा शत्रू माकडं. एका दुपारी कळप येतो आणि पपई, भेंडी, सेम, सगळं ओरबाडून जातो. एकट्या घरानं कितीही राखण केली तरी कळप शेजारच्या वाडीतून येतोच. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या घरांनी मिळून विचार केला. सगळ्या वाड्यांच्या जंगलाकडच्या कडेला माकडं सहसा ज्याला तोंड लावत नाहीत ते लावायचं : हळद, आलं, धोपा, लिंबू, गवती चहा. खायच्या शेंगा-फळं घराला लागून, जिथं दिवसभर माणसांची ये-जा असते. आणि दुपारची राखण पाळीनं, एक म्हातारं माणूस पूर्ण गल्लीसाठी. पूर्ण सुटका नाही, पण घरात भाजी येते.

मुंगना (शेवगा) आणि हेटी (हादगा) प्रत्येक वाडीत आहेतच. हेटीच्या फुलांची भाजी ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी एकदा यावं. तणीस (धानाचा पेंढा) भरपूर, ती वाफ्यांवर पसरतो. निंदण निम्म्यावर येतं आणि ओल टिकते.

मंगरूळपीर तालुका, वाशिम

माझ्या बालमैत्रिणीचे मालक गेले. त्यानंतर ती वर्षभर घराबाहेर निघाली नाही. आम्ही भेटायला जायचो, चहा व्हायचा, ती गप्प असायची आणि आम्हीही. काय बोलावं सुचत नव्हतं. आमच्या वाड्यांची सावड आधीपासून होती. एकीनं म्हटलं, तिला विचारत बसू नका, पाळी तिच्या घरची लावा.

आम्ही फावडी घेऊन गेलो. ती दारात उभी राहिली, काही बोलली नाही. थोड्या वेळानं आतून खुरपं घेऊन आली आणि तुळशीजवळची हरळी काढायला बसली. त्या दिवशी तिनं आम्हाला पहिल्यांदा रागावून सांगितलं, "तिथं खणू नका, तिथं त्यांनी लावलेला मोगरा आहे." मोगरा वाळला होता. आम्ही तो जमिनीपासून वीतभर ठेवून छाटला, बुडाशी शेणखत घातलं आणि पाणी दिलं. खालून फुटला. आज ती आमच्या गावातली सर्वांत चांगली मिरचीची रोपं करते आणि पोळ्याच्या बाजारात विकते. ज्यांच्या घरी दुःख झालं आहे त्यांच्याकडे हात रिकामे घेऊन जाऊ नका असं मला सगळ्यांना सांगायचं आहे.

चिखली तालुका, बुलढाणा

आमच्या गटाची सुरुवात महालक्ष्म्यांमुळे झाली. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि त्या दिवशी बाजारात भाव ऐकवत नाहीत. एका जाऊबाईंनी मोजलं की आमच्या आळीतल्या वाड्या एकत्र धरल्या तर अर्ध्याहून जास्त भाज्या घरच्याच आहेत. राहिलेल्या कोणी लावायच्या ते पुढच्या वर्षी मिरगाआधी वाटून घेतलं : एकीकडे ढेमसं, एकीकडे गवार, एकीकडे अंबाडी आणि चुका, कोहळा माझ्याकडे. आता पूजेच्या आदल्या संध्याकाळी सुपं घेऊन पोरी घरोघरी फिरतात.

यातूनच बी राखायची सवय परत लागली. दुकानातलं संकरित बी राखलं तर पुढच्या वर्षी तशीच झाडं येत नाहीत, तेव्हा फक्त गावरान वाणाचं राखतो. वेलावरचं पहिलं-दुसरं चांगलं फळ बियाण्यासाठी सोडायचं, त्याला चिंधी बांधायची म्हणजे कोणी तोडत नाही. बी राखेत घोळून, सावलीत वाळवून डब्यात. दोन वेगवेगळ्या घरी ठेवतो, एकीकडे उंदरांनी खाल्लं तर दुसरीकडे राहतं.

कोहळ्याला फुलं येऊनही फळ धरत नसेल तर सकाळी लवकर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलात लावा. मादी फुलाच्या खाली बारकं फळ दिसतं, तेच ओळखायचं. आमच्याकडे हे काम शाळेत जायच्या आधी पोरं करतात आणि कोणाचं फळ धरलं यावरून पैज लावतात.

घाटंजी तालुका, यवतमाळ

चिखलीच्या ताई, गावरान ढेमशाचं बी मिळेल का? इकडे आता कोणाकडंच राहिलं नाही. बदल्यात लाल अंबाडीचं देते, भरपूर आहे.

चिखली तालुका, बुलढाणा

देईन ना. यंदाचं थोडंच आहे, पण दोन वेलांपुरतं नक्की निघेल. आमच्या एका मैत्रिणीचा मुलगा यवतमाळला शिकतो, पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, त्याच्याजवळ पाठवते. अंबाडी त्याच्याच हाती द्या. आणि ढेमसं फळावर आलं की पहिलं फळ खाऊ नका, बियाला सोडा.