हूवर, ट्रॅक्टर, किटली... ब्रिटिश इंजिनांना ही नावं कुणी ठेवली?

बर्मिंगहॅमचा_बाबा
नमस्कार मंडळी. रविवारी पोराला घेऊन किडरमिन्स्टरला गेलो होतो, सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर (जुन्या गाड्या जपून चालवतात ती) डिझेल इंजिनांचा मेळा होता. फलाटावर साठी उलटलेले आजोबा, हातात वह्या, गळ्यात कॅमेरे. एक निळं इंजिन आलं आणि सगळे "हूवर, हूवर" करत धावले. मग कुठल्याशा "ट्रॅक्टर"वरून दोघांची जुंपली. मी वाफेच्या इंजिनाबद्दल विचारलं तर एकाने "ती किटली होय?" म्हणून उडवून लावलं. पोरगा विचारतोय, इंजिनाला घर झाडायच्या यंत्राचं नाव का? काय सांगू?

कल्याण_यार्ड
बाबा, आधी एक सांगा, पोराने डोळे मिटून ऐकलं का? डिझेलवाल्यांची निम्मी नावं कानाने ठेवलेली आहेत.

हूवर म्हणजे क्लास ५० या प्रकारचं डिझेल इंजिन. १९६७-६८ मध्ये बरोबर ५० बांधली. आत जाणारी हवा गाळून घ्यायला त्यांत पंखे होते, त्यांचा आवाज थेट व्हॅक्यूम क्लीनरसारखा. मजा म्हणजे पुढे दुरुस्तीत ती व्यवस्थाच काढून टाकली. आवाज गेला, नाव राहिलं. आपल्याकडे नाही का, बारीक झाल्यावरही माणूस गल्लीत 'जाड्या'च राहतो!

ट्रॅक्टर म्हणजे क्लास ३७, ३०९ बांधली. इंजिन रिकामं धडधडत असलं की शेतात उभं असल्यासारखं वाटतं. पण जोर लावून निघताना जी गुरगुर येते तिच्यामुळे काहीजण त्याला 'ग्राउलर' म्हणतात. तुमच्या आजोबांचं भांडण बहुधा यावरूनच. क्लास ४० टर्बोच्या शिट्टीमुळे 'व्हिसलर'. क्लास २० 'चॉपर', हेलिकॉप्टर आल्यासारखं वाटतं. आणि किटली हा डिझेलवाल्यांनी वाफेच्या इंजिनाला मारलेला टोमणा. मनावर घेऊ नका, किटलीवालेही यांना कमी बोलत नाहीत.

वाफेवाल्यांची नावं मात्र डोळ्यांनी ठेवलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बुलिड नावाच्या अभियंत्याने तिकडच्या सदर्न रेल्वेसाठी सपाट पत्र्याने झाकलेली इंजिनं काढली. त्या दिवसांत तिथे घरोघरी 'स्पॅम' नावाचं डबाबंद मांस, म्हणून ती 'स्पॅम कॅन'. आणि तिरके, फुगीर सिलिंडर बाहेर आलेली एलएमएस (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) रेल्वेची २४५ इंजिनं, ती 'क्रॅब'.

क्रॅब म्हटलं की मला राहवत नाही. आमच्याकडेही खेकडा होता! डब्ल्यूसीजी-१, १९२८ पासून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर घाटात मालगाड्या ओढायला आलेलं विजेचं इंजिन. उभं असताना कण्हायचं, चालताना दांड्यांचा सपसप आवाज. माझे बाबा गार्ड होते, ते 'खेकडा' असंच म्हणायचे, डब्ल्यूसीजी वगैरे मी मोठेपणी शिकलो. ४१ पैकी बहुतेक खेकडे तेव्हाच्या लँकेशायरमधल्या न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेले. आणि तुमच्या पोराने पाहिलेला हूवर? तोही तिथलाच. सगळेच्या सगळे ५०. म्हणजे दोघे एकाच घरचे. त्या गावी एकदा मुद्दाम जाऊन आलो. गाडी थांबली, उतरलो, उगाचच छाती भरून आली.

तिरकस_रूळ
यार्डकाका, आवाजाचं ठीक आहे, पण सगळं कानाने नाही हो. क्लास ५६ला 'ग्रिड' म्हणतात ते तोंडावरच्या हॉर्नच्या जाळीमुळे. क्लास ५८ 'बोन', कारण अंगाने बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, चघळून टाकलेल्या हाडासारखं. आणि क्लास ६६? कॅनडातून शेकड्यांनी आली, जुनी इंजिनं हद्दपार झाली, म्हणून शौकिनांचा राग. वर छप्पर असं की नाव पडलं 'शेड'. मला विचाराल तर नाव योग्यच आहे.

कल्याण_यार्ड
मान्य. ग्रिड विसरलोच होतो. शेडबद्दल मात्र मला माया आहे, बिचारं रात्रंदिवस राबतं.

लीड्सची_ताई
इंजिनांचंच चाललंय, पेसर विसरलात! बसचे सुटे भाग वापरून १९८०च्या दशकात बांधलेली गाडी, डब्याला दोनच आस. नाव 'नॉडिंग डाँकी', म्हणजे मान डोलावणारं गाढव. मी चार वर्षं त्यातून कामाला गेले. रुळांचा सांधा आला की अख्खा डबा "हो हो" म्हणायचा. वळणावर चाकं अशी किंचाळायची की फोनवर आई विचारायची, कुणाला मारतायत का तिकडे?

तिरकस_रूळ
ताई, गाढवाचा अपमान झाला.

बर्मिंगहॅमचा_बाबा
सगळ्यांचे आभार. यार्डकाका, पोराला तुमचा खेकडा वाचून दाखवला. डिसेंबरात मुंबईला जातोय, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभा आहे तो दाखवीन म्हणतो. आता त्याने नवीन काढलंय, डेक्कन क्वीनला लोक काय म्हणतात? मी ऐटीत सांगितलं, दख्खनची राणी. तर म्हणतो, "बाबा, हे तर नुसतं भाषांतर झालं!"