मदत हवी आहे: डाव्या क्रँकचं पॉवर मीटर उन्हात वॅट वाढवून दाखवतंय

मंडळी, जळगावच्या उन्हाळ्यात स्वस्तातलं, सायकलच्या फक्त डाव्या क्रँकचं (पेडल जोडलेल्या भुजेचं) पॉवर मीटर, म्हणजे पाय किती वॅट ताकद लावतात ते मोजणारं यंत्र, कोणी वापरतंय का? सकाळी घरात झिरो ऑफसेट करून (भार नसताना मीटरचं शून्य ठरवून) निघालं, तरी ऊन चढल्यावर त्याच वेगाला, त्याच केडन्सला (मिनिटाला पेडलचे फेरे) १५-२० वॅट जास्त दिसतात.

क्रँकची लांबी १७० मिमी बरोबर भरली आहे, सेल नवा आहे, क्रँकचे दोन्ही बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरला आवळलेत. क्रँक आडवा धरून पेडलच्या दांड्याला किराणा दुकानातलं १० किलोचं लोखंडी वजन टांगलं. टॉर्क (फिरवणारा जोर) १६.७ न्यूटन-मीटर यायला हवा. सावलीत तेवढाच येतो. उन्हात अर्ध्या तासानं १७.७, आणि वजन काढलं तरी १ उरतो. म्हणजे मोजमापाचं प्रमाण ठीक आहे, शून्यच सरकतंय. ९० केडन्सला १ न्यूटन-मीटरचे साधारण ९.४ वॅट, मीटर डाव्या पायाचे दुप्पट करतं म्हणून १९. हिशोब जुळतो.

सायकल २० मिनिटं बाहेर ठेवून झिरो केलं तर पुरतं का, की वाटेत थांबून पुन्हा करावंच लागतं? चाळीसगावहून औट्रम घाट चढताना मध्येच थांबणं जिवावर येतं. आणि तापमानाची भरपाई खरोखर करणारं स्वस्त मीटर कोणतं? २० मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरी वॅटच्या ९५ टक्के धरून काढलेला एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) असा फुगलेला असेल, तर त्यावर बेतलेले सगळे इंटरव्हल (ठरावीक वॅटचे सरावाचे टप्पे) चुकतात. कृपया अनुभवाचे आकडे द्या.