अ‍ॅप म्हणतंय टॅक्स शून्य, पोर्टल म्हणतंय ८,३२० भरा. कुणाचं ऐकू?

नाशिकचा_नवशिका:
मंडळी, २०२४-२५ चा आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचा रिटर्न, भरायला बसलोय आणि डोकं फिरलंय. माझं स्वतःचं साधं असतं, फॉर्म १६ आणि बँकेचं थोडं व्याज, ते दरवर्षी सरकारी पोर्टलवर भरून टाकतो. यावेळी बायकोचंही मीच भरतोय कारण तिने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काही शेअर विकले, सगळे वर्षाच्या आत घेतलेले, नफा झाला ४०,०००. पगार वर्षाचा ७ लाख, नवी रेजिम (करपद्धत), कंपनीने टीडीएस काहीच कापलेला नाही.

ऑफिसमधल्या एकाने अ‍ॅप सांगितलं. पॅन टाकला, ओटीपी टाकला, ब्रोकरचं अकाउंट जोडलं आणि सगळं आपोआप भरून आलं, शेवटी मोठ्या हिरव्या अक्षरात टॅक्स ०. खूश झालो. पण पुढे गेल्यावर कॅपिटल गेन आहे म्हणून वरचा प्लॅन घ्या म्हणतंय, हजाराच्या आसपास. म्हटलं हजार कशाला घालवा, पोर्टलवरच करू, तर तिथे आयटीआर-२ मध्ये तेच आकडे टाकल्यावर ८,३२० भरा म्हणतंय!! दोनदा तपासलं, आकडे सेम आहेत.

नक्की कोण बरोबर? आणि हजार भरून आठ हजार वाचणार असतील तर भरू का? अजून एक, त्या अ‍ॅपला ओटीपी देऊन बसलोय, त्यात काही धोका? मुदत यंदा (२०२५) १५ सप्टेंबर आहे माहितीये, पण घरी गणपती आहेत, अनंत चतुर्दशीपर्यंत काही हात मोकळे होत नाहीत, त्याआधी निदान समजून तरी घेतो.

डेबिट_इकडे_क्रेडिट_तिकडे:
ठाण्यात सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करतोय, या सीझनला हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता झोपेत उत्तर देईन.

तुमचा हिशोब असा. ७ लाखातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन गेलं, उरले ६,२५,०००. त्यावर नव्या रेजिमच्या स्लॅबने टॅक्स १६,२५०. एकूण उत्पन्न शेअरचे ४०,००० धरूनही ६,६५,०००, म्हणजे ७ लाखाच्या आत, म्हणून कलम ८७ए ची रिबेट, म्हणजे टॅक्समध्ये सूट मिळते, ती जास्तीत जास्त २५,०००. इथपर्यंत दोघांचं एकमत आहे. भांडण पुढे आहे. शेअरच्या शॉर्ट टर्म नफ्यावर २०% म्हणजे ८,००० टॅक्स. अ‍ॅप काय करतंय, तर रिबेटचे उरलेले ८,७५० या ८,००० ला लावतंय आणि शून्य दाखवतंय. पोर्टल म्हणतंय रिबेट फक्त स्लॅबवाल्या टॅक्सला, शेअरचे ८,००० द्या, वर ४% सेस, झाले ८,३२०. म्हणजे बेरीज-वजाबाकी कुणाचीच चुकलेली नाही, कायदा वाचण्यात फरक आहे.

याला इतिहास आहे. मागच्या वर्षी ५ जुलै २०२४ ला खात्याने युटिलिटी (रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर) बदलली आणि तेव्हापासून ही रिबेट लागायची बंद झाली. त्याच्या आधी ज्यांनी भरलं त्यांना मिळाली, नंतरच्यांना नाही, कायदा तोच!! मग चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही कर सल्लागारांची संघटना मुंबई हायकोर्टात गेली. कोर्टाने डिसेंबरमध्ये अंतरिम आदेश दिला, त्यामुळे उशिराच्या रिटर्नची तारीख ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल आला. पण निकाल नीट वाचा. रिबेट द्याच असं कोर्ट म्हणालं नाही. कोर्टाचं म्हणणं एवढंच की सॉफ्टवेअरने माणसाला क्लेम करण्यापासूनच अडवायचं नाही, हक्क आहे की नाही ते अधिकारी ठरवतील. त्यानंतर बऱ्याच लोकांनी क्लेम केला आणि बऱ्याच लोकांना डिमांड (टॅक्स भरा म्हणून मागणी) आली.

आता तुमच्यासाठी: अ‍ॅपने शून्य दाखवलं म्हणून टॅक्स शून्य होत नाही. शेवटचा हिशोब बंगलोरचं सीपीसी (खात्याचं रिटर्न तपासणारं केंद्र) करतं आणि ते स्वतःच्याच पद्धतीने करतं. अ‍ॅपमधून पाठवलंत तर एकतर अपलोड होतानाच अडकेल, नाहीतर काही महिन्यांनी कलम १४३(१) ची इंटिमेशन (खात्याच्या हिशोबाची सूचना) येईल, ८,३२० भरा म्हणून. मग रेक्टिफिकेशन, अपील. वर्षानुवर्ष भांडायची तयारी असेल तर जरूर करा, वादाला जागा नक्की आहे (वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरच्या लाँग टर्म नफ्याला, म्हणजे कलम ११२ए ला तीही नाही, तिथे कलमातच लिहिलंय रिबेट नाही). आमच्या ऑफिसात एवढ्या रकमेसाठी आम्ही भरून मोकळे व्हा सांगतो. शिवाय १०,००० च्या आत आहे म्हणून अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं व्याजही नाही, मुदतीत भरलं की विषय संपला. पुढच्या वर्षी हा घोळ नसेल कारण २०२५-२६ पासून कायद्यातच लिहून टाकलंय की १२ लाखाची रिबेट स्पेशल रेटच्या (शेअरच्या नफ्यासारख्या) उत्पन्नाला नाही.

हिंजवडी_फेज३:
वरच्या भावाने रिबेटचं मस्त सांगितलं, मी प्लॅनबद्दल बोलतो कारण मी गेली काही वर्षं पैसे भरून सॉफ्टवेअर वापरतोय आणि दर वर्षी शिव्या देत वापरतोय.

तुमच्या केससाठी एक रुपया घालवू नका. शॉर्ट टर्मला तर प्रत्येक शेअर वेगळा लिहायचाही नसतो, एकूण विक्री, एकूण खरेदी, खर्च, संपलं. ब्रोकरच्या साईटवरून टॅक्स पी अँड एल डाउनलोड करा, त्यात सगळं आयतं असतं. यंदा फक्त २३ जुलै २०२४ च्या आधी विकलेलं आणि नंतर विकलेलं वेगळं मागतात कारण दर १५ चा २० झाला, तुमचं सगळं नंतरचं आहे म्हणजे तोही त्रास नाही. लोक ज्या ११२ए च्या शेड्यूलला घाबरून प्लॅन घेतात ना, तिथेसुद्धा ३१ जानेवारी २०१८ नंतर घेतलेले शेअर असतील तर एकत्रित एका ओळीत टाकता येतात, यंदा जुलैच्या भानगडीमुळे फार तर दोन ओळी. हे अ‍ॅपवाले सांगणार नाहीत, त्यांचा धंदाच त्या भीतीवर आहे.

मी का भरतो? कंपनी अमेरिकन, आरएसयू (पगारासोबत कंपनीचे शेअर) मिळतात. मग शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता), आणि तिथे आर्थिक वर्ष नाही तर कॅलेंडर वर्ष, म्हणजे यंदाच्या रिटर्नमध्ये जानेवारी ते डिसेंबर २०२४. प्रत्येक व्हेस्टिंगची (शेअर नावावर होण्याची) वेगळी ओळ, सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वात जास्त किंमत, शेवटची किंमत, सगळं त्या त्या दिवसाच्या स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटने रुपयात. डिव्हिडंडवर तिकडे २५% कापलेले असतात, ते इकडे वळते करायला फॉर्म ६७ वेगळा. हे हाताने करणारा माणूस मला भेटवा, त्याला साष्टांग नमस्कार घालतो. सॉफ्टवेअर हे काम दहा मिनिटात करतं, फक्त प्लॅन घ्यायच्या आधी विचारून घ्या की एफए त्या प्लॅनमध्ये आहे का, कारण स्वस्तातल्यात बहुतेक नसतं आणि हे पैसे भरल्यावर कळतं.

सांगलीचा_पेन्शनर:
मी २०११ पासून स्वतःचा रिटर्न स्वतः भरतो. तेव्हा एक्सेलची युटिलिटी होती, मग जावावाली आली, ती उघडायलाच अर्धा दिवस जायचा. जून २०२१ ला नवीन पोर्टल आलं तेव्हा सुरुवातीला काहीच चालत नव्हतं, पेपरातही रोज यायचं. पण आता खरंच चांगलं आहे. पेन्शन, एफडीचं व्याज, सगळं आधीच भरून येतं, जुनी आणि नवी रेजिम शेजारी शेजारी दाखवतं. आमच्यासारख्यांना व्याजावरची ५०,००० ची ८०टीटीबी सूट फक्त जुन्या रेजिममध्ये आहे, त्यामुळे ती तुलना बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अ‍ॅपचं म्हणाल तर मुलाने एकदा माझं एका अ‍ॅपवरून भरलं. रिटर्न व्यवस्थित गेला, रिफंडही आला. पण त्यानंतर विमा घ्या, म्युच्युअल फंड घ्या, पर्सनल लोन घ्या. अहो ७४ वर्षाच्या माणसाला पर्सनल लोन! आपली एआयएस (खात्याकडचं वार्षिक माहितीपत्रक) म्हणजे वर्षभराची कुंडली असते, कुठल्या बँकेत किती व्याज, कुठला शेअर विकला, सगळं. फुकटात भरून देणारा ती कुंडली कशासाठी घेतो याचा विचार आपण करायचा.

आणि तरुण मंडळींनो, गल्लीतला सीए अजूनही हजार-पंधराशेत भरून देतो आणि नोटीस आली तर फोन उचलतो. चॅटमध्ये "तुमचा प्रश्न आमच्या टीमकडे पाठवला आहे" असं सांगत नाही.

जेसनवाला:
काका, कुंडलीचं शंभर टक्के मान्य. ओटीपीच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही म्हणून मी देतो, टॅक्स सॉफ्टवेअरमध्येच काम केलंय.

ही अ‍ॅप्स खात्याकडे ई-रिटर्न इंटरमीजिअरी म्हणून नोंदलेली असतात, शॉर्टमध्ये ईआरआय. तुम्ही ओटीपी दिला म्हणजे त्यांना क्लायंट म्हणून स्वतःला जोडून दिलंत, मग ते एपीआयने तुमचा प्रीफिल (खात्याकडे आधीच असलेली माहिती) ओढतात. पासवर्ड दिला नसेल तर घाबरायचं कारण नाही. पोर्टलवर लॉगिन करा, वर ऑथोराइज्ड पार्टनर्स म्हणून मेनू आहे, त्यात माय ई-रिटर्न इंटरमीजिअरी, तिथे त्या अ‍ॅपचं नाव दिसलं तर डीअ‍ॅक्टिव्हेट करून टाका. पासवर्ड मागणारं अ‍ॅप किंवा एजंट असेल तर मात्र तिथूनच परत फिरा. आणि एकदा प्रोफाइलमधला मोबाईल आणि ईमेल बायकोचाच आहे ना बघा, एजंट लोक स्वतःचा टाकून ठेवतात आणि नोटीस आली तर ती त्यांच्या इनबॉक्समध्ये सडते.

मुळात सगळ्या सॉफ्टवेअरचं आउटपुट एकच असतं, खात्याने ठरवून दिलेल्या साच्यातली एक जेसन फाइल. हजारवाला प्लॅन असो की फुकटचं पोर्टल, सीपीसीला पोचतं तेच. तुम्ही पैसे देता ते डेटा गोळा करायचे. म्हणून माझी पद्धत सांगतो, ब्रोकर चार असले, ट्रेड शेकड्याने असले तर अ‍ॅपमध्ये गोळा करा, पण पाठवायच्या आधी प्रत्येक आकडा एआयएसशी जुळवा. एआयएसही देववाणी नाही, खरेदी किंमत तिथे बऱ्याचदा चुकीची असते, तिथे ब्रोकरचं स्टेटमेंट धरायचं आणि एआयएसवर फीडबॅक टाकायचा. आणि ई-व्हेरिफाय ३० दिवसात. लोक फाइल करून विसरतात, मग रिटर्न भरलाच नाही असं धरलं जातं.

डेबिट_इकडे_क्रेडिट_तिकडे:
एक राहिलं. ४०,००० हा आकडा ब्रोकरेज वजा करून आहे का बघा, ब्रोकरेज वजा होतं, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) नाही होत. आणि वहिनींच्या मागच्या रिटर्नमध्ये शॉर्ट टर्म लॉस पुढे ओढलेला आहे का तेही बघा, असला तर आठ हजारातले खरंच वाचतील, वाद न घालता.

नाशिकचा_नवशिका:
सगळ्यांचे आभार, एवढं तर त्या अ‍ॅपच्या एक्स्पर्टनेही सांगितलं नाही. ईआरआय काढून टाकला, नाव खरंच होतं तिथे. लॉस नाहीये मागचा, ब्रोकरेज वजा केलेलंच आहे, त्यामुळे ८,३२० भरतोय, कोर्टात जायची हौस नाही.

पण आता टॅक्स पी अँड एल नीट बघताना खाली एक वेगळा भाग दिसला, इंट्राडे. बायकोला विचारलं तर म्हणे एकदा सकाळी घेऊन दुपारी विकून बघितलं होतं, नफा ३१२ रुपये. हे कुठे टाकू, अदर सोर्सेसमध्ये चालेल ना?

डेबिट_इकडे_क्रेडिट_तिकडे:
नाही चालणार. इंट्राडे म्हणजे सट्ट्याचा धंदा, बिझनेस इन्कम. आयटीआर-२ बाद, आयटीआर-३ भरा.

नाशिकचा_नवशिका:
३१२ रुपयांसाठी??

डेबिट_इकडे_क्रेडिट_तिकडे:
हो, ३१२ साठी. घाबरू नका, ऑडिट वगैरे काही नाही, नव्या रेजिममध्येच राहताय म्हणून १०-आयईए (जुनी रेजिम निवडायचा फॉर्म) पण नाही. प्रॉफिट अँड लॉसच्या शेड्यूलमध्ये तळाला स्पेक्युलेटिव्ह अ‍ॅक्टिव्हिटी आहे तिथे टर्नओव्हर आणि नफा टाका. हे ३१२ स्लॅबमध्ये जातात म्हणून रिबेटमध्ये बसतात, भरायचे ८,३२० च राहतील. गणपती गेल्यावर दोन तास काढून बसा, १४ तारखेच्या रात्री नको, तेव्हा पोर्टल रांगेत उभं करतं.