जोन नुसती झेंडा धरून उभी नव्हती
कुणीतरी म्हटलंय की जोन ऑफ आर्क, इंग्रजांविरुद्ध लढलेली ती फ्रेंच पोर, फक्त झेंडा धरायची, लढायचे बाकीचे. अहो, ७ मे १४२९ ला इंग्रजांनी वेढलेल्या ऑर्लिअन्स शहराच्या पुलाजवळच्या, त्यांच्या ताब्यातल्या किल्ल्यावर चढताना तिच्या मानेखाली बाण घुसला, तरी ती संध्याकाळी परत आली, तिला बघून सैन्य पुन्हा चढलं आणि दुसऱ्या दिवशी इंग्रज वेढा उठवून गेले. वय जेमतेम सतरा! तेराव्या वर्षी बापाच्या बागेत देवाकडून आलेला पहिला आवाज ऐकला म्हणायची. मला तर पुढे तिच्यावर चाललेला पाखंडाचा खटला वाचताना जास्त गलबलतं, लिहितावाचता न येणारी पोर आणि समोर धर्मपंडित, विचारतात तुझ्यावर देवाची कृपा आहे का, हो म्हटलं तर पाखंड (ते कुणालाच खात्रीने कळत नाही असं चर्च म्हणायचं), नाही म्हटलं तर गुन्हा कबूल. ती म्हणाली, नसेल तर देव करो, असेल तर तशीच ठेवो.