साईट ब्राउझर तपासायला लागली तर अ‍ॅडब्लॉकर चालणार का?

पेठकर: आईच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स आणि युब्लॉक हा अ‍ॅडब्लॉकर टाकून दिलंय कारण पंचांगाच्या साईटवर तारखेआधी जाहिरातच उघडते आणि ती नको तिथे क्लिक करते. आता म्हणे साईट आधी ब्राउझर तपासणार, मग ब्लॉकर बंद पडणार का?

कर्वेनगरवाला: गूगलच्या इंजिनिअर्सनी 2023 मधे तसा प्रस्ताव मांडलेला, वेब एन्व्हायर्नमेंट इंटिग्रिटी. साईट टोकन म्हणजे डिजिटल दाखला मागणार, आणि मशीन नि ब्राउझर अस्सल आहे अशी सही तिसराच कोणीतरी देणार. युब्लॉकसारख्या एक्स्टेन्शनला हात लावायचा नाही असं त्यात लिहिलं होतं, पण कोणाला आत घ्यायचं ते साईटच ठरवणार ना, उद्या ब्लॉकरवाल्या ब्राउझरला सहीच नाही मिळाली तर? फायरफॉक्सवाली मोझिला, ब्रेव्ह ब्राउझरवाले सगळ्यांनी विरोध केला आणि नोव्हेंबर 2023 मधे गुंडाळलं. बरं झालं!

कस्टमरॉम_पुणे: गुंडाळलं म्हणून निवांत राहू नका. अँड्रॉइडवर अ‍ॅप्स प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या तपासणीने हेच करतात, माझा फोन धडधाकट आहे, अपडेटपण वेळेवर, तरी बँकेचं अ‍ॅप उघडत नाही कारण रॉम, म्हणजे फोनची सिस्टिम, कंपनीचा नाही. फोन माझा आणि परवानगी दुसऱ्याची, हे मला अजिबात पटत नाही.

वारजे_डेव्ह: सध्या खरा फटका मॅनिफेस्ट व्ही3 चा, म्हणजे क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठीच्या नव्या नियमांचा आहे, क्रोमवर युब्लॉक ओरिजिन गेलं, फक्त त्याचं कमी ताकदीचं लाइट उरलंय. फायरफॉक्सवर पूर्ण चालतं, ते काढू नका.